उलटपावल्याचा तुकडा

त्या वर्षी पाटाला पाणी निम्म्यानं आलं आणि भांडणं दुपटीनं. कांदा फुगवणीला आलेला. अजून दोन पाणी मिळाली तर वर्ष निभावणार होतं, नाहीतर गोटीएवढे कांदे उकरून जनावरांपुढे टाकायचे आणि आपण हात चोळत बसायचं. वाफ्यांतली माती भेगाळली होती, पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती. बाप रोज सकाळी बांधावर जाऊन एक कांदा उपटायचा, दोन बोटांत धरून दाबायचा आणि खिशात टाकायचा. शेवटी आई म्हणाली, "रोज एक उपटताय, पाण्याच्या आधी तुम्हीच शेत संपवाल."

पाटाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडखाली सगळ्या शेतकऱ्यांची बैठक भरली. पाट खणला तेव्हा जी घरं होती त्या जुन्या घरांनाच पाण्याची पाळी मिळेल, बाकीच्यांनी आभाळाकडे बघावं, असं ठरलं. बापानं सुटकेचा श्वास सोडला. घर जुनं होतं, त्यात कुणाचं दुमत नव्हतं. पण श्वास पुरता सुटायच्या आत वरच्या शेताचा मालक उठून उभा राहिला. त्याला लहानथोर सगळे वरचे काका म्हणत. बापाची पाळी तुटली तर ती त्याच्याच शेताला जाणार, हे शेडमधल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"घर जुनं आहे, नाही कोण म्हणतंय?" तो म्हणाला. "पण म्हातारा त्या घरचा आहे का, ते आधी विचारा."

"म्हणजे?"

"माझ्या वडलांनी जाताना सांगितलं. म्हणाले, तो त्या घरचा नव्हे, बाहेरून आलाय. जाणारा माणूस खोटं कशाला बोलेल?"

बाप तडकला. "जाता जाता तुझे वडील मला धाकटा भाऊ म्हणत होते. मग दे की माझा हिस्सा!"

लोक हसले. पण हसून मोकळे झाले नाहीत. पाणी कमी असलं की माणसांना शंका लवकर पटतात. म्हाताऱ्याची ओळख पटवेल असं कुणी पुढच्या बैठकीत आणा, तोवर पाळी थांबेल, असं सांगून त्यांनी हात झटकले. ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते आजोबा, म्हणजे बापाचे वडील, शेडच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत.

घरातली मुलगी सोळा वर्षांची. शाळेची परीक्षा देऊन घरी बसलेली. तिला सगळे चौकशी म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तिनं दुसरं काही केलं नव्हतं. आईच म्हणाली, "हिला लावा कामाला. नाहीतरी लोकांच्या घरात नाक खुपसायची हौस आहेच, एकदा आपल्या घरात खुपसू दे."

बाप शेत सोडून हिंडू शकत नव्हता. कांद्यातलं गवत काढायचं होतं, म्हशीला चारा दुसऱ्याच्या बांधावरून आणावा लागत होता. म्हणून आपल्या आजोबांचा मागचा सगळा इतिहास शोधून आणायचं काम चौकशीच्या गळ्यात पडलं. ती मनातून खूष झाली. वरच्या काकाचं तोंड असं बंद करायचं की पुन्हा उघडताना त्याला विचार पडावा, असं तिनं ठरवून टाकलं.

सुरुवात तिनं आजोबांपासूनच केली. पाटाचा प्रत्येक तुकडा एकेका घराला वाटून दिलेला होता. ज्या घराचा जो तुकडा, तो त्यानंच साफ ठेवायचा. यांच्या वाट्याला आला होता खचता तुकडा. वळणावरचा तो काठ दर पावसाळ्यात आत ढासळायचा आणि सगळ्या पाटाचा गाळ जणू पत्ता विचारत तिथंच यायचा. बाकीची घरं दोन दिवसांत काम उरकून अंग धुवायची. आजोबा वर्षभर तिथं असायचे.

काम करायची त्यांची रीत सगळ्या गावाहून वेगळी. गाव फावडं मारत पुढे जायचं. आजोबांनी लांब दांड्याला एक रुंद फळी ठोकून घेतली होती. ती पुढे टाकायची, गाळ आपल्याकडे ओढत आणायचा, एक पाऊल मागे सरायचं, पुन्हा टाकायची. असा पाठीच्या दिशेनं चालत हा माणूस सगळा तुकडा काढायचा. मागे न बघता. कधी ठेचकाळला नाही. त्यावरून गावानं त्यांना उलटपावल्या हे नाव कधीचं देऊन ठेवलं होतं, आणि चौकशीही लहानपणापासून तशीच गाळ ओढायला शिकली होती. शाळेतली पोरं तिला उलटपावली म्हणत, तेव्हा ती दगड उचलायची.

"आजोबा, तुम्ही तरुणपणी बाहेरगावी होतात ना?" फळी ओढता ओढता तिनं विचारलं.

"होतो."

"कुठं?"

"कामावर."

"कसल्या?"

"पोटाच्या." त्यांनी फळी पाण्यात बुडवून धुतली. त्यांचे गुडघे आताशा वाकताना कटकन वाजत. "तू गाळ ओढ. प्रश्न ओढून हात भरत नाही."

"वरचे काका म्हणतात ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग राग नाही आला?"

आजोबा काठावर बसले. पायाला चिकटलेला चिखल अंगठ्यानं खरवडत राहिले. "रागाला अंगात जोर लागतो," ते म्हणाले, आणि तिनं पुढे काही विचारायच्या आत उठून कामाला लागले.

पाटाची दारं उघडायचं आणि लावायचं काम ज्याच्याकडे होतं तो पाटकरी आजोबांहून थोडा लहान. त्याचा बापही पाटकरीच होता. दम्यानं त्याची छाती भाता झाली होती, पण पाण्यावरची नजर ढळलेली नव्हती. चौकशी त्याच्याकडे गेली तेव्हा तो लोखंडी दाराच्या चाकाला वंगण लावत होता.

"माझ्या आजोबांना तुम्ही लहानपणापासून ओळखता ना?"

"ओळखतो म्हणजे काय, रोज बघतो."

"लहानपणापासून?"

पाटकऱ्यानं हात चिंधीला पुसले. बराच वेळ पुसले. "तुला पाटाचा कायदा ठाऊक आहे का? ज्या घरचा माणूस साफसफाईला येत नाही, त्या घरचं पाणी बंद. आणि त्याचा तुकडा बाकीच्यांच्या गळ्यात. कळलं?"

"हे तर सगळ्यांना माहीत आहे."

"मग झालं की. तो खचता तुकडा गळ्यात घ्यायला तेव्हा कोण तयार होतं? कुणीच नाही. माझा बाप म्हणायचा..." त्याला खोकल्याची उबळ आली. ती खरी होती की सोयीची, ते चौकशीला कळलं नाही. उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "तुझी आत्याआजी आहे ना अजून? तिला विचार."

"ती आमच्याकडे येत का नाही?"

"तेही तिलाच विचार. मी पाणी वाटतो, गोष्टी वाटत नाही."

आत्याआजी म्हणजे आजोबांची एकुलती बहीण. घरात सांगितलं जायचं ते असं, की तिच्या आईच्या भांड्यांच्या वाटणीवरून ती रुसली आणि गेली ती गेलीच. बापानं तिला लहानपणी एकदाच कुणाच्या तरी लग्नात बघितलं होतं. त्यानं गावाचं नाव सांगितलं, आईनं शिदोरी बांधून दिली आणि चौकशी पहाटेच्या गाडीत बसली.

गाडी खाडीच्या कडेनं जायला लागली तेव्हा उन्हं वर आली होती. खिडकीतून मिठागरं दिसत होती. चौकोनी वाफे, त्यांत पाणी, कडेला मिठाचे पांढरे ढीग. तिनं मिठागर आधी कधी बघितलं नव्हतं, म्हणून ती मान बाहेर काढून बघत बसली. वाफ्यांत माणसं काम करत होती. लांब दांड्याची रुंद फळी पुढे टाकायची, मीठ आपल्याकडे ओढायचं, एक पाऊल मागे. पुन्हा फळी, पुन्हा पाऊल. एक नव्हे, दोन नव्हे, दिसतील तेवढी सगळी माणसं मागे मागे चालत होती. एकालाही वळून बघायची गरज पडत नव्हती.

ही चाल चौकशीच्या ओळखीची होती. मिठागरं मागे पडली तरी तिची मान बाहेरच होती. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "आत घे गं डोकं, खांब लागेल."

आत्याआजी नातवाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत राहत होती. फाटक्या पोत्यांचा ढीग पुढ्यात घेऊन दाभणानं ती शिवत बसली होती. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. पोत्यांचा धुरळा तिच्या भुवयांवर बसला होता.

"कोण?"

"मी तुमच्या भावाची नात."

दाभण थांबलं. "माझ्या भावाला नात नाही," म्हातारी म्हणाली. मग चष्मा कपाळावर सरकवून तिनं मुलीकडे नीट पाहिलं. "पण आलीस तर बस. पाणी पी. उन्हाची आलीयेस."

चौकशीनं पाणी घेतलं. इथं येईपर्यंत तिनं प्रश्नांची रांग लावून ठेवली होती. आता त्यातला एकच उरला. "मिठागरात होते का ते?"

"दोघंही होते. माझा भाऊ बारा वर्षांचा असताना गेला. बाप वारला होता, घरात खायला तोंडं आणि कमवायला कुणी नाही. पाच वर्षं होता तिकडे. दरवर्षी पाटाच्या सफाईला तेवढा यायचा, दोन दिवसांपुरता, घरचं पाणी राखायला. सहाव्या वर्षी आला नाही. तापानं गेला." म्हातारीनं दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. "त्याला तिकडेच माती दिली. गाठोडं घेऊन दुसरा आला. त्याच्याच वयाचा, एकाच खोपटात राहणारा. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. सांजवेळ होती. तो अंगणात पाठमोरा उभा राहून पायातला काटा काढत होता आणि अंगात माझ्या भावाचा सदरा. आईनं पाठ बघितली आणि धावत सुटली. मग त्यानं तोंड वळवलं."

दुकानात कुणीतरी हवा भरायच्या पंपावर जोर काढत होतं. म्हातारीनं मांडीवरचं पोतं उलटं केलं.

"दुसऱ्या दिवशी सफाई होती. आई रात्रभर भिंतीला टेकून बसली. सकाळी उठली आणि त्याच्या हातात फावडं दिलं. म्हणाली, आजचा दिवस जा बाबा, घरातून माणूस गेला नाही तर पाणी तुटेल. तो गेला. त्याला फावडं चालवता येईना, मीठ ओढल्यासारखा गाळ ओढत बसला. गाव हसलं."

"पण गावानं ओळखलं असेल ना?"

"गावाला डोळे नव्हते होय? पण खचता तुकडा कुणाला हवा होता? हा आपला खाली मान घालून ओढतोय, ओढू दे. सगळ्यांनी मिळून त्याला माझा भाऊ केला. फक्त मी केला नाही."

"म्हणून तुम्ही येत नाही? त्यांचा राग आहे तुम्हाला?"

"त्याच्यावर कसला राग? गरीब बिचारा. आईला त्यानं शेवटपर्यंत सांभाळलं, तोंड वर करून कधी बोलला नाही." म्हातारीचा आवाज फाटला. "पण मी त्याला दादा म्हटलं असतं, तर माझा दादा मेला कधी? त्याला रडायचं कधी? आई रडली नाही गं. रडली असती तर लोकांनी विचारलं असतं, कोण गेलं म्हणून."

चौकशीला रडू आलं. पण ज्या कामासाठी ती आली होती ते काम कोपऱ्यात उभं राहून तिच्याकडे बघत होतं. तिनं नाक पुसलं आणि सगळं सांगितलं. कमी झालेलं पाणी, वरचे काका, बैठक, फुगवणीला आलेला कांदा.

"तुम्ही येऊन एकदा..." वाक्य पुरं करायची तिला लाज वाटली.

"नाही," आत्याआजी म्हणाली. "कांदा जाईल, कळतंय मला. पण माझ्यानं होणार नाही. तू एक कर. तू आलीच आहेस तर माझ्या भावाचं ऐकून जा. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही."

आणि ती बोलत राहिली. तो कोंबड्यांना कसा घाबरायचा. वाहून चाललेली चप्पल धरायला पाटात कसा पडला आणि पाटकऱ्यानं केसाला धरून कसा ओढून काढला. त्याला शीळ घालता येत नव्हती, नुसती थुंकी उडायची. झोपेत तो आकडे मोजायचा. सांगताना म्हातारीच्या तोंडावर पोरकट हसू आलं होतं. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तिनं चौकशीचा हात धरून ठेवला. "हे ध्यानात ठेव. मी गेल्यावर ते कुणाजवळ राहायचं नाही."

घरी पोचली तेव्हा बाप अंगणात विळ्याला धार लावत होता. त्याचे डोळे खोल गेले होते. आई दाराच्या चौकटीत उभी राहिली. दोघांनी एकदमच विचारलं, "काय म्हणाली?"

चौकशीनं बापाच्या खिशाकडे बघितलं. तो आजच्या कांद्यानं फुगलेला होता.

"म्हणाली, भाऊच आहे माझा."

"झालं तर!" बाप विळा तसाच टाकून खाली बसला. कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं तसा बसला. "मी म्हणत नव्हतो? तिला आणायला हवं."

"तिला चालवत नाही. पण खुणा सांगितल्यात तिनं."

आजोबा हौदापाशी पाय धूत होते. ऐकत होते की नाही कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं चौकशी तोंड धुवायला हौदापाशी गेली, तेव्हा त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "मिठागरं दिसली का गाडीतून?"

"दिसली."

"अजून मागे मागेच चालतात?"

"हो."

आजोबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा घटकाभर इतका मोकळा झाला की तिला तो ओळखीचा वाटेना. मग ते म्हणाले, "बैठकीत तू ऐकलंस तेवढंच सांग, पोरी."

तिला वाटलं, म्हातारा सांभाळून बोल म्हणतोय. जास्त बोलून अडकू नकोस म्हणतोय. ती हो म्हणाली.

बैठकीच्या दिवशी ऊन असं होतं की शेडचा पत्रा तडतडत होता. माणसं टोप्यांनी वारा घेत होती. वरचे काका पुढेच बसलेले. बाप सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझी मुलगी जाऊन आली आहे. म्हाताऱ्याची सख्खी बहीण काय म्हणते ते ती सांगेल."

तेवढ्यात आजोबा उठले. खांबाला धरून सावकाश उठले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मला एक सांगायचं आहे," ते म्हणाले.

हा माणूस बैठकीत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हातारा घाबरला, आता काहीबाही बोलून सगळं मोडून ठेवणार, असं चौकशीला वाटलं. ती ताडकन उभी राहिली.

"आजोबांना दम लागतो, मी सांगते," ती म्हणाली, आणि कुणाला मध्ये बोलायची सवड न देता सुरू झाली. "आत्याआजी म्हणाली, माझा एकच भाऊ, आणि तो त्या घरात आहे. लहानपणी ते चप्पल धरायला पाटात पडले होते. तेव्हाच्या पाटकऱ्यानं केसाला धरून बाहेर काढलं. विचारा, आठवतंय का कुणाला."

सगळ्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं. पाटकऱ्यानं आजोबांकडे पाहिलं, मग मुलीकडे. त्याची छाती घरघरत होती.

"माझ्या बापानं काढलं होतं," तो म्हणाला. "मी काठावर होतो. पोरगं निळं पडलं होतं."

"आणि कोंबड्यांना घाबरायचे," चौकशी म्हणाली.

"हात्तिच्या!" वरचे काका ओरडले. "म्हातारा तर कोंबड्या पाळतो!"

"लग्न झाल्यावर कोंबडीची काय भीती राहते?" मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खं शेड खदखदून हसलं. बापही हसला. चौकशी मात्र हसू शकली नाही. एका मेलेल्या पोराला तिनं हाताला धरून इथं आणलं होतं आणि लोक त्याला हसत होते.

झालं. पाळी कायम राहिली. वरचे काका पाय आपटत निघून गेले नाहीत, उलट वाकून आजोबांना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. वडलांना शेवटी भ्रमच झाला असणार." आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ती नीट बसेना, म्हणून दोनदा घातली.

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. बाप पाटातून शेताकडे येणाऱ्या चारीच्या तोंडाशी थांबला, आई घरून ये-जा करत होती. आजोबा आणि चौकशी वाफ्यांत दारं धरायला होते. एक वाफा भरला की त्याचं तोंड चिखलानं बुजवायचं आणि पुढच्याचं मोडायचं. तापलेली माती पाणी पिताना चुरचुरत होती, भेगांतून बुडबुडे येत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बाप लांबून गुणगुणताना ऐकू येत होता.

"काल तुम्ही उठला होतात," चौकशी म्हणाली. "काय सांगणार होतात?"

"तेच."

"सगळं?"

"सगळं. तू गेलीस त्या दिवसापासून वाक्यं जुळवत होतो." आजोबांनी कुदळीवर दोन्ही हात ठेवून त्यावर हनुवटी टेकली. "म्हटलं, आता पोरीला कळलं. ती सांगेल, नाहीतर मी सांगेन. एकदाचं संपेल."

"पाणी तुटलं असतं, आजोबा."

"तुटलं असतं."

"कांदा गेला असता."

"गेला असता. कांदा याआधीही गेलाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "दमलो गं मी. काम करून नव्हे. कुणी हाक मारली की आधी मनात म्हणावं लागतं, आपल्यालाच मारली. मग ओ द्यायची. साठ वर्षं झाली. काल वाटलं होतं, सुटतोय."

चौकशीच्या हातातला चिखल गळून पडला. आपण काल काय केलं ते तिला आत्ता, पायाखालून पाणी जाताना कळलं. म्हातारा दाराशी पोचला होता आणि तिनं प्रेमानं, घाईघाईनं, बाहेरून कडी घातली होती. "मला वाटलं, तुम्हाला वाचवतेय," ती म्हणाली, आणि हुंदका आवरेना.

"वाचवलंसच की. रडू नकोस. शेत वाचलं, तुझा बाप गातोय बघ."

"तुमचं घर होतं तिकडे?"

"आई होती. दोन दिवसांत येतो सांगून निघालो होतो, गाठोडं पोचवून. इथली म्हातारी म्हणाली, पुढच्या सफाईपर्यंत थांब. मग पुढच्या. मग निरोप आला, आई गेली म्हणून." त्यांनी वाफ्याचं तोंड बुजवलं, वरून पायानं दाबलं. "तिच्यानंतर माझं नाव कुणी घेतलं नाही."

"मला सांगा. मी घेईन. आपण दोघंच असताना."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली वाकून, पाण्याला सांगावं तसं, ते नाव सांगितलं. दोन अक्षरांचं, साधं. असल्या नावाची माणसं कुठल्याही गावात दोन-तीन सापडतील.

"म्हणून बघ," ते म्हणाले. "नुसतं नको म्हणू. हाक मार."

ते पाठ फिरवून दोन वाफे पलीकडे जाऊन उभे राहिले. चौकशीनं डोळे पुसले आणि हाक मारली.

आजोबा उभेच राहिले. पाठ ताठ करून, मान जराशी कलती ठेवून वाट बघत राहिले.

"मोठ्यानं," ते म्हणाले.

तिनं छाती भरून हाक मारली. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशी. चारीच्या तोंडाशी बापानं चमकून मान वळवली. "कुणाला गं बोलावतेस?" त्यानं ओरडून विचारलं.

"कुणाला नाही!"

आजोबा सावकाश मागे आले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसता घाम होता.

"तुझा बाप वळला," ते म्हणाले. "मी नाही वळलो." मग त्यांनी भरून वाहायला आलेल्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "राहू दे. पुढचं दार मोड, पाणी वाया जातंय."